फीत कापायला ताई, रूळ मांडायला भाऊ

चोपड्यात येत्या दिवाळीच्या सुट्टीत एक प्रदर्शन भरवायचं घाटतंय. प्लॅस्टिकचे ठोकळे एकमेकांत अडकवून केलेली आगगाडी, तिचे रूळ, स्टेशन, पूल, बोगदा, फाटक, असं सगळं एका हॉलमध्ये मांडायचं आणि चार दिवस गावाला दाखवायचं. हा छंद असलेली दहा-बारा मंडळी आमच्या गावात आहेत. कुणी शिक्षक, कुणी दुकानदार, कुणी पुण्याला इंजिनियरिंग करून परत आलेला. प्रदर्शनाच्या नियोजनाचा एक कागद त्यांनी केला आणि 'महिलांचं सहकार्य हवं' म्हणून तो आमच्या गटाकडेही पाठवला.

कागदावर सहा कामं आहेत: देखाव्याची आखणी, रूळ, वीज, गाडी चालवणं, सामानाची ने-आण आणि हिशेब. त्यांच्यापुढे अकरा नावं आहेत. अकराही पुरुषांची. त्याखाली वेगळा चौकोन आखून 'महिला सहकार्य' असं लिहिलंय. त्यात स्वागत, रांगोळी, चहा-फराळाचा स्टॉल आणि लहान मुलांची रांग सांभाळणं. उद्घाटनाला 'एखाद्या ताई बोलवाव्यात' असंही नमूद आहे.

मैत्रिणींनो, आमचा विरोध प्रदर्शनाला नाही, या कागदाला आहे. प्रदर्शन व्हावं, दणक्यात व्हावं. ज्या गावात मुलांसाठी सार्वजनिक असं फारसं काही होत नाही तिथे कुणी स्वतःच्या खिशातले पैसे घालून असं काही उभं करत असेल तर त्याचं स्वागतच आहे. पण गावासमोर मांडायच्या गोष्टीची आखणी अर्ध्या गावाला वगळून होत असेल, तर 'हौसेचं काम आहे, मनावर घेऊ नका' असं म्हणून गप्प बसायला आम्ही तयार नाही.

आधी हे काम असतं तरी काय, ते नीट पाहू. ज्यांनी असा देखावा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. ठोकळ्यांवर जी बटणं असतात त्यातल्या दोन बटणांमधलं अंतर ८ मिलिमीटर. लेगो कंपनीच्या रुळाचा सरळ तुकडा १६ बटणांएवढा, म्हणजे १२.८ सेंटिमीटर लांब. वळणाचे १६ तुकडे जोडले की पूर्ण वर्तुळ होतं आणि त्याची रुंदी रुळाच्या मध्यापासून मध्यापर्यंत ६४ सेंटिमीटर भरते. आता आठ फूट बाय चार फूट प्लायवूडचं एक टेबल घ्या. दोन्ही टोकांना अर्धी अर्धी वळणं आणि दोन्ही बाजूंना बारा-बारा सरळ तुकडे लावले तर फेरा बरोबर बसतो आणि टोकाला वीतभरापेक्षा कमी जागा उरते. गाडीच्या मोटारीला सहा छोटे सेल लागतात. ते काही तासांत उतरतात, म्हणून बदलायला कुणाची तरी पाळी लावावी लागते. स्टेशनवर उभी करायची माणसं चार-चार सेंटिमीटर उंचीची. त्यांच्या मापानं फलाट, जिना, डबा, झाड ठरवायचं.

झालं. हे एवढं गणित आहे. आठवीतल्या मुलीला ते अवघड नाही आणि जी बाई एका मीटर कापडात दोन पोलकी बसवते तिला तर मुळीच नाही. यात अंगबळ लागत नाही, दाढी-मिशी लागत नाही. तरीही 'आखणी' आणि 'रूळ' यांच्यापुढे एकही बाईचं नाव कसं काय येत नाही? ते मुद्दाम वगळलं असं आम्ही म्हणत नाही. त्यांना ते सुचलंच नाही. आणि न सुचणं हेच आमच्या तक्रारीचं मूळ आहे. वगळताना निदान विचार तरी करावा लागतो. इथे तेवढाही करावा लागलेला नाही.

कागदावर न आलेलं आणखी एक काम आहे. वर्षानुवर्षं जमवलेले, कुणाकडून जुने घेतलेले ठोकळे आधी धुवावे लागतात. कोमट पाण्यातच, कारण गरम पाण्यात प्लॅस्टिक वाकडं होतं. मग ते सावलीत वाळवायचे. मग निवडायचे: रंगाप्रमाणे, आकाराप्रमाणे, मोडके बाजूला. हजारो तुकडे. ज्वारी निवडावी तसं पुढ्यात ताट घेऊन बसायचं. हे काम घराघरात कोण करतंय याची आम्ही चौकशी केली. बायकोनं, आईनं, बहिणीनं केलेलं आहे. एका आजीबाईंनी दोन दुपारी बसून नुसते पांढरे आणि पिवळसर पडलेले पांढरे वेगळे केले. त्यांना विचारलं, "आजी, प्रदर्शन बघायला येणार ना?" तर म्हणाल्या, "आमले त्यातलं काय समजस?" ज्या बाईच्या नजरेला पांढऱ्यातला पांढरा वेगळा कळतो, तिला यातलं काही समजत नाही असं तिला स्वतःलाच वाटतं. हे वाटणं तिच्या जन्माबरोबर आलेलं नाही. साठ-सत्तर वर्षं ते तिला शिकवलं गेलंय.

निवडणं, धुणं, वाळवणं याला 'मदत' म्हणतात. जोडण्याला 'छंद' म्हणतात. शेतात निंदणी, वेचणी बाईची आणि सातबारा पुरुषाचा, हे खानदेशात आपण रोज बघतो. कपाशीचं बोंड वेचणारे हात बाईचे असतात आणि बाजार समितीतल्या पावतीवर नाव दुसऱ्याचं असतं. खेळण्याच्या आगगाडीतही तीच वाटणी जशीच्या तशी उतरली आहे. म्हणूनच ती लहान गोष्ट नाही.

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला आक्षेप ठरलेला: "मुलींना यात रसच नसतो हो. आम्ही का नाही म्हणतो?"

रस काही आभाळातून पडत नाही. तो घरात येणाऱ्या वस्तूंबरोबर येतो. मुलाच्या वाढदिवसाला नटबोल्टांचा, पट्ट्यांचा संच येतो, गाडी येते. मुलीला भातुकली येते, बाहुली येते. आपल्या सगळ्यांच्या तोंडी असलेलं ग. दि. माडगूळकरांचं आगीनगाडीचं गाणं आठवा. गोड गाणं आहे, मीही ते मुलांना म्हणून दाखवते. पण त्या गाडीत बसून मामाच्या गावाला गेल्यावर मामी भेटते ती चुलीपाशीच. मुलगी गाडीत बसते खरी, पण उतरते ती स्वयंपाकघरात.

ज्या कंपनीचे हे ठोकळे, तिचाच इतिहास बघा. डेन्मार्कमधली ही कंपनी १९३२ ची. १९७४ मध्ये तिनं खेळण्याच्या खोक्यात पालकांसाठी एक पत्रक घातलं होतं. घडवण्याची ओढ मुलग्यांत आणि मुलींत सारखीच असते, मुलग्याला बाहुलीघर आवडू शकतं आणि मुलीला अवकाशयान, अशा अर्थाचा त्यातला मजकूर होता. १९८१ च्या तिच्या एका जाहिरातीत साधी निळी पँट घातलेली, वेण्या घातलेली एक मुलगी स्वतः केलेली वस्तू हातात धरून हसते आहे. म्हणजे तेव्हा कंपनीला ठाऊक होतं की मुली जोडतात. पुढे बाजार वाढला तसे खोके मुलग्यांचे झाले. २०१२ मध्ये मुलींसाठी म्हणून वेगळी मालिका आली. तिच्यात गुलाबी-जांभळे रंग, सौंदर्यप्रसाधनाचं दुकान, कॅफे आणि नाजूक बांध्याच्या बाहुल्या. त्याविरुद्ध अमेरिकेतल्या तरुण मुलींनी मोहीम काढली आणि ५०,००० हून अधिक सह्या जमवल्या. २०१४ मध्ये एलेन कोइमन या भूरसायनशास्त्रज्ञ बाईंनी सुचवलेला, तीन स्त्री-वैज्ञानिकांचा संच कंपनीनं काढला. २०२१ मध्ये कंपनीनं सात देशांतल्या सुमारे ७,००० पालकांची आणि मुलांची पाहणी करवून घेतली. त्यात 'मुलींच्या' खेळण्यांशी खेळलो तर लोक हसतील, अशी भीती ७१ टक्के मुलग्यांनी बोलून दाखवली. त्यानंतर आपल्या खेळण्यांमधला हा भेद काढून टाकण्याचं कंपनीनं जाहीर केलं.

यातून दोन गोष्टी दिसतात. 'मुलींना रस नसतो' हे निसर्गाचं वचन नाही, तो बाजाराचा हिशेब आहे आणि हिशेब बदलला की वचनही बदलतं. दुसरं म्हणजे नुकसान एकट्या मुलीचं होत नाही. ज्या मुलग्याला बाहुली उचलायची चोरी वाटते तोही अर्धाच वाढतो. उद्या घरात रडणारं मूल उचलायलाही तोच हात कचरणार आहे.

दुसरा आक्षेप जास्त हुशारीचा असतो: "आम्ही खरी रेल्वे दाखवतोय. रेल्वे पुरुषच चालवतात, त्याला आम्ही काय करणार?"

खऱ्या रेल्वेची गोष्ट काढलीत ते बरं झालं. बोरघाटातली रेल्वे बांधण्याचं कंत्राट घेतलेले सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आले आणि काही आठवड्यांतच वारले. त्यांची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट सोडून मायदेशी बोट धरली नाही. त्यांनी अ‍ॅडमसन आणि क्लाउझर हे अनुभवी इंजिनियर नेमले आणि काम पुरं करवलं. १८६३ मध्ये घाट खुला झाला. ही झाली साहेबाघरची बाई, म्हणून तिचं नाव तरी राहिलं. त्या घाटात माती-दगडाची पाटी डोक्यावर घेऊन चढलेल्या, पटकीनं मेलेल्या हजारो मजुरांमध्ये आपल्या आया-बहिणी होत्या. त्यांची नावं कुठल्याच पाटीवर नाहीत.

अलीकडचं बघा. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८८ मध्ये देशातल्या पहिल्या स्त्री रेल्वेचालक झाल्या. ८ मार्च २०११ ला त्यांनी डेक्कन क्वीन पुण्याहून मुंबईला नेली, मार्च २०२३ मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत नेली आणि २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या. म्हणजे एका बाईची सबंध नोकरी इंजिनात सुरू होऊन संपली, तरी आमच्या गावातल्या ठोकळ्यांच्या इंजिनात बाई बसवायचं कुणाच्या मनात येत नाही! २०१७ मध्ये मुंबईचं माटुंगा स्टेशन, तिकीट खिडकीपासून स्टेशन मास्तरपर्यंत, पूर्णपणे स्त्रियांच्या हाती देण्यात आलं होतं. भुसावळच्या यार्डाकडे जाणारी गाडी चोपड्यातून सहज मिळते. एकदा जाऊन रुळांवर काम करणाऱ्या टोळीत बायका दिसतात का बघा.

आणि खरी रेल्वेच दाखवायची तर पूर्ण दाखवा. इंजिनात संडास नसणं ही चालकांची जुनी तक्रार. संडास असलेलं पहिलं इंजिन २०१६ मध्ये आलं, म्हणजे सुरेखाताईंनी सुरुवात केली त्यानंतर २८ वर्षांनी. बाईनं इतकी वर्षं पाणी न पिता इंजिन चालवायचं आणि वर 'बायका या कामात येत नाहीत' हे ऐकायचं. हा इतिहास देखाव्यात का नको? ठोकळ्यांनी एक छोटा संडास बांधायला किती वेळ लागतो?

तिसरा आक्षेप आपल्याच माणसांकडून येतो, म्हणून तो जास्त टोचतो: "बाई, बालविवाह आहेत, नवऱ्यांची दारू आहे, हुंडा आहे. ते सोडून खेळण्यांच्या मागे कुठे लागलात?"

आम्ही ते काहीही सोडलेलं नाही. पण हे प्रश्न एकमेकांपासून इतके लांब आहेत का? २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात ० ते ६ वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ८४२ मुली होत्या. ही तूट सोनोग्राफीच्या खोलीत झाली हे खरं. पण त्या खोलीपर्यंत जाणारा रस्ता घरातून, अंगणातून, शाळेतून, जत्रेतून जातो. मुलगी म्हणजे खर्च, मुलगा म्हणजे कमाई. मुलगी म्हणजे बघणारी, मुलगा म्हणजे करणारा. हे चित्र रोज कुठे ना कुठे मांडलं जातं. देखाव्याच्या स्टेशनवर शंभर छोटी माणसं उभी करणार असाल तर त्यात बाया किती आणि त्या काय करताहेत, ते मोजा. मोजून झालं की ८४२ चा आकडा शेजारी ठेवा. चार दिवस गावातली पोरं त्या काचेला नाक लावून बघणार आहेत. कुणी समजावून न सांगता ती शिकणार आहेत, आणि असं शिकलेलं सगळ्यात पक्कं बसतं.

शिवाय प्रश्न प्रवासाचा आहे. आपल्याकडे मुलीची शाळा सुटते ती बऱ्याचदा गाडीवाचून सुटते. शाळेत जाणाऱ्या मुलींना एस.टी.चा मोफत पास देणारी अहिल्याबाई होळकर योजना १९९० च्या दशकात आली आणि कितीतरी मुली सातवीनंतर घरी बसायच्या वाचल्या. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एस.टी.त अर्धं तिकीट झालं, तेव्हा 'बाया उगाच फिरतात' असा सूर गावोगावच्या पारावर निघाला. बाईचं हिंडणं आजही गावाला खटकतं. चाकं कुणाची, रस्ता कुणाचा, कुणी कधी घराबाहेर पडायचं, हा आपल्या चळवळीचा जुना प्रश्न आहे. खेळण्यातली गाडी त्याच प्रश्नाचं चार इंचाचं रूप आहे.

आता चोपडेकर पुरुषांना त्यांच्याच भाषेत एक गोष्ट विचारते. आपल्या गावाला रेल्वे का नाही? १८६० च्या दशकात भुसावळची लाईन झाली. १९०० च्या सुमारास सुरतेकडची लाईन आली ती तापीच्या दक्षिणेकडून, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव अशी. तापीच्या उत्तरेची शिरपूर, चोपडा, यावल ही गावं रुळाविना राहिली. आजही गाडी धरायची तर आपल्याला तापी ओलांडून अमळनेर नाहीतर धरणगाव, जळगाव गाठावं लागतं. केळी आपण पिकवतो, कापूस आपण पिकवतो, पण नकाशावर रेघ ओढली जात होती तेव्हा त्या टेबलाशी आपलं कुणी नव्हतं. ही खंत चोपड्यात चहाच्या प्रत्येक टपरीवर ऐकायला मिळते. पिढ्यान् पिढ्या मिळते. आणि ती खरी आहे.

मग भाऊ, हे तुम्हाला इतकं नीट कळतं, तर आमचं का कळत नाही? रूळ मांडताना टेबलाशी नसलेल्या माणसाच्या दारावरून गाडी जात नाही. तिनं मग नदी ओलांडून दुसऱ्याच्या स्टेशनवर जायचं आणि तिथे 'या, बसा' म्हणतील तर बसायचं. चोपड्यावर जो अन्याय झाला म्हणता, तोच तुम्ही आठ फुटी टेबलावर आमच्यावर करताहात. फरक एवढाच की तो गोऱ्या साहेबानं केला आणि हा घरच्या माणसांनी.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत आणि आम्ही त्या लेखी दिल्या आहेत.

एक. आखणीच्या बैठकीला निम्म्या बाया आणि मुली असाव्यात. बैठक रात्री नऊ वाजता कुणाच्या दुकानाच्या माडीवर न घेता दुपारी, सर्वांना येता येईल अशा ठिकाणी घ्यावी. वेळ आणि जागा ठरली की कोण येणार नाही तेही ठरतं.

दोन. रूळ, वीज आणि गाडी चालवणं या तिन्ही कामांवर मुली असाव्यात. प्रदर्शनाच्या वेळी गाडी चालवण्याची पाळी मुलगे आणि मुली यांच्यात बरोबरीनं वाटावी. आणि स्वागत, चहा, रांगोळी यांच्या पाळ्याही तशाच वाटाव्यात. भाऊंनी रांगोळी घालायला हरकत नाही. ठिपके मोजता येणाऱ्याला ते जमेल.

तीन. ठोकळे धुणाऱ्या, निवडणाऱ्या सर्वांची नावं फलकावर इतरांच्या बरोबरीनं, त्याच आकाराच्या अक्षरात लिहावीत. 'सौ. अमुक यांच्या सहकार्याने' अशी शेपटी नको. तिचं स्वतःचं नाव हवं.

चार. देखावा आपल्या मुलखाचा करा. कुठल्यातरी परदेशी बर्फाळ डोंगरातली गाडी कशाला? पाचोरा-जामनेरची अरुंद रुळांची आपली 'पीजे' २०२० च्या टाळेबंदीत थांबली आणि मग रुळांच्या रुंदीकरणात गेली. ती दाखवा, म्हणजे नव्या पोरांना ती कळेल. रावेर-सावद्याला केळी भरणारी गाडी दाखवा. ती भरणारे हात दाखवा, त्यात बायकांचे हात दाखवा. फलाटावर भाजीची पाटी घेतलेली बाई असू दे, इंजिनात चालक बाई असू दे, फाटकावर हिरवा झेंडा धरलेली बाई असू दे. पाळणाघरात मूल खेळवणारा पुरुषही असू दे.

पाच. टेबलाची उंची अशी ठेवा की सहा वर्षांच्या मुलीला कुणी न उचलता बघता यावं. कडेवर मूल असलेल्या बाईला बसायला बाक ठेवा. हॉलमध्ये बायकांसाठी चालू स्थितीतला, पाणी असलेला संडास असल्याशिवाय हॉल घेऊ नका. वेळ संध्याकाळी सहा ते नऊ ठेवाल तर पाड्यावरच्या, खेड्यातल्या बाया-मुली शेवटच्या एस.टी.च्या भीतीनं येणारच नाहीत. म्हणून निदान दोन दिवस प्रदर्शन सकाळपासून उघडं ठेवा.

सहा. ज्यांना हे ठोकळे परवडत नाहीत त्यांच्यासाठीही एक टेबल असू दे. हे खेळणं महाग आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या पावरा, भिल्ल, तडवी घरांतल्या मुलींपर्यंत ते जात नाही, आणि गावातल्या कष्टकरी वस्तीतल्या मुलग्यांपर्यंतही जात नाही. अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांपासून जोडणीचं खेळणं कसं करायचं हे कधीच दाखवून ठेवलंय. पुठ्ठा, दोऱ्याची रिळं, बांबूच्या कामट्या चालतील. आश्रमशाळेतल्या मुलींना एक टेबल द्या आणि त्या काय उभं करतात ते बघा. बांबूचं काम त्यांच्या घरात पिढीजात आहे. कदाचित शिकायला भाऊंनाच त्यांच्याकडे जावं लागेल.

आणि एक गोष्ट नको: 'मुलींसाठी खास' असा गुलाबी कोपरा. मुख्य फेऱ्यावर जागा न देता बाजूला कोपरा देणं ही जुनी युक्ती आहे. पंचायतीत राखीव जागा मिळाली तेव्हा 'सरपंचबाई खुर्चीवर आणि कारभार नवऱ्याचा' हा खेळ आपण पाहिलाय. इथे तोच खेळ ठोकळ्यांचा नको.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या ध्यासातून उभं केलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय १९९८ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. शाळांच्या सहली तिथे जातात, मुलं-मुली दोघंही थक्क होऊन बघतात. छंदातून सार्वजनिक ठेवा कसा होतो याचं ते उदाहरण आहे. पण नुसतं बघून थक्क होणं वेगळं आणि 'हे मीही करू शकते' असं वाटणं वेगळं. बटण दाबायला मिळालेली मुलगी आणि बटणाला तार जोडायला मिळालेली मुलगी घरी जाते तेव्हा दोघींच्या डोक्यात वेगळं काहीतरी चाललेलं असतं. आपल्या गावात आपल्याला दुसऱ्या प्रकारच्या मुली हव्यात.

शेवटी दोन शब्द आपल्याच गटांशी. मैत्रिणींनो, 'स्वागत समिती' आपल्याला फार सवयीची झाली आहे. गणेशोत्सव, विज्ञान प्रदर्शन, गावची जयंती, शाळेचं संमेलन, कुठेही बोलावणं आलं की आपण साडी नेसून आरतीचं तबक घेऊन दारात उभ्या राहतो. मान मिळतो, हातात नारळ येतो आणि फोटोही निघतो. त्यामुळे 'आम्हाला कुठे वगळलंय?' असं आपल्यालाच वाटू लागतं. पण निर्णय जिथे होतो ती खोली आतली असते आणि आपण दारात असतो. यापुढे असं बोलावणं आलं तर आधी कामांचा कागद मागा. खर्च कोण ठरवतंय, आखणी कोण करतंय, चावी कुणाकडे आहे, ते विचारा. आपलं नाव कुठल्या चौकोनात आहे ते बघा. चौकोन वेगळा असेल तर सही करू नका.

आमच्या गटानं तसंच ठरवलंय. मागण्या मान्य झाल्या तर आम्ही तीस जणी कामाला उतरू, टेबलं उचलण्यापासून रूळ जोडण्यापर्यंत. मान्य नाही झाल्या तर स्वागतालाही येणार नाही आणि हॉलबाहेर आमचं स्वतःचं टेबल मांडू. पुठ्ठ्याचं, काड्यांचं, कामट्यांचं. त्यावरची गाडी चोपड्यात थांबेल आणि ती कुणी थांबवली हे खाली फलकावर लिहिलेलं असेल. तुमच्या गावी असा कागद कधी आला असेल, तुम्ही त्याला काय उत्तर दिलंत आणि पुढे काय झालं, ते अंकाच्या पत्त्यावर जरूर लिहून पाठवा.